अर्धी खूण

बेसिनमध्ये भिजवलेले मोजे ती तिसऱ्यांदा पिळत होती तेव्हा पलंगावरचा फोन एकदाच थरथरला. पाणी तिसऱ्यांदाही विटेच्या रंगाचं निघालं होतं. मातीच्या कोर्टवर टेनिस खेळणाऱ्याचे मोजे पांढरे कधी होत नाहीत, फक्त कमी लाल होतात, हे तिला कळायला लागल्यापासून माहीत होतं. तरी दर स्पर्धेला, दर भाड्याच्या खोलीत ती चौथं पाणी घ्यायचीच. हात पँटला पुसून तिनं फोन उचलला. ‘उद्या डबल्स खेळशील माझ्याबरोबर? नावं सहापर्यंत घेतायत. मी टेबलापाशी थांबते.’ खाली नाव नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. डावरीचा नंबर तिनं कधी काढून टाकला नव्हता, आणि गेल्या आठ महिन्यांत एकदाही लावला नव्हता.

शिव्या आल्या असत्या तर चाललं असतं. शिव्यांची तयारी होती. आठ महिने तिनं मनातल्या मनात इतकी उत्तरं पाठ केली होती की एखाद्या वकिलानं तिला हाताखाली ठेवून घेतलं असतं. ‘घाईत झालं गं.’ ‘मला खरंच तीच वाटली.’ ‘तू स्वतः येऊन बघितलंस ना, मग तेव्हाच का नाही बोललीस?’ हे शेवटचं उत्तर तिला सगळ्यांत सोयीचं वाटायचं, आणि म्हणूनच त्याची सगळ्यांत जास्त किळस यायची. पण ‘खेळशील माझ्याबरोबर?’ याला उत्तर कुठून आणायचं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं आधी तिला वाटलं, हा सापळा आहे. डावरीला कळलंय आणि ती चारचौघांत विचारणार आहे. मग वाटलं, डावरीला सापळे लावता आले असते तर ती आज कुठल्या कुठे असती. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तीन वाजता तो उघडायचा आणि मग सातपर्यंत फरशीतून बारीक किरकिर वर येत राहायची. कुणाच्या तरी दातातली कीड कुणीतरी कोरत असायचं. ‘सवय होते हो त्याची,’ असं घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आज पाचवा दिवस होता. ती पलंगाच्या कडेला बसली आणि किरकिर तिच्या टाचांतून गुडघ्यांपर्यंत चढली. सव्वातीन झाले होते.

तिला सगळ्या मुली मातीवाली म्हणत. नाव चिडवायला पडलं होतं, नंतर ते मानाचं झालं. तिचे बाबा एका क्लबच्या सहा कोर्टांची माती राखायचे. उजाडल्यावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, जाळीचा ब्रश ओढायचा, पांढऱ्या पट्ट्यांच्या लाइनी हातझाडूनं झाडायच्या. ती कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसून हे बघत मोठी झाली. सभासद खेळून गेले की बाबा तिला हाताला धरून कोर्टभर फिरवायचे, आणि शाळेत अक्षरं यायच्या आधी तिला खुणा वाचता यायला लागल्या. ‘हे बघ,’ बाबा उकिडवे बसून सांगायचे, ‘लाइन आणि खूण यांच्यामध्ये मातीची बारीक वाट दिसली तर बॉल बाहेर. वाट नाही, खूण लाइनीला चिकटलेली, तर बॉल आत. अर्धीच खूण दिसली तर उरलेली अर्धी लाइनीवर आहे असं समजायचं. पट्टीवर खूण उठत नाही, म्हणून काय ती नाही असं होत नाही.’ ताज्या खुणेची कड कशी धारदार असते, तिच्या पुढच्या टोकाला चार कण कसे ढकलले जातात, आणि दहाच मिनिटांत वाऱ्यानं ती कड कशी बोथट होते, हे सगळं तिला बोटांनी माहीत होतं. पुढे ती स्वतः खेळायला लागली, गावोगावच्या छोट्या स्पर्धांना जायला लागली. त्या स्पर्धांत चार कोर्टांना मिळून एक पंच फिरतो आणि लाइनी खेळणाऱ्यांनीच बघायच्या असतात. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर ते आपण सांगायचं. भांडणं ठरलेलीच. पंच येईपर्यंत शेजारच्या कोर्टवरून हाक यायची, ‘मातीवाले, जरा बघून जा गं!’ ती आपली मॅच थांबवून जायची, वाकायची, सांगायची, आणि दोघीही मुकाट्यानं मान्य करायच्या. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकोणिसाव्या वर्षी तिच्याकडे धड दुसरी सर्व्हिस नव्हती, प्रशिक्षक नव्हता, रॅकेटी तीन आणि त्यातली एक चिरकलेली. पण ही एक गोष्ट होती, आणि ती तिनं मिळवलेली नव्हती, बाबांनी दिलेली होती.

आणि तीच तिनं वापरली. दुसऱ्या कुणी केलं असतं तर कदाचित चूक म्हणता आली असती. मुख्य स्पर्धेत शिरायची शेवटची फेरी, तिसरा सेट, डावरी पाच-चार पुढे, सर्व्हिस डावरीची, मॅच पॉइंट. दुपारचे दोन. ऊन असं की पट्ट्या डोळ्यांत खुपत होत्या. दोघी अडीच तास एकमेकींना धावडवत होत्या आणि तिच्या उजव्या पोटरीत गोळे यायला लागले होते. डावरीचा तो डाव्या हाताचा फोरहँड तिच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात आला, ती पोचली नाही, आणि पोचत नाही हे कळतानाच तिचं बोट वर गेलं. ‘आउट!’ इथपर्यंत ती प्रामाणिक होती, असं ती स्वतःला अजून सांगत असे. बोट आधी गेलं, डोळे मागून गेले. मग तिनं खाली बघितलं. कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर, लाइनीला चिकटलेली, अर्धी. कड धारदार. चार कण पुढे ढकललेले. मध्ये वाट नव्हती. इतकी स्वच्छ खूण की बाबांनी शिकवण्यासाठी काढावी. पलीकडून डावरी म्हणाली, ‘नक्की?’ भांडणाच्या आवाजात नाही, नुसतं विचारलं. आणि नेटला वळसा घालून ती यायला लागली. नेटच्या खांबापासून तिथपर्यंत यायला पंधरा-सोळा पावलं लागतात. तेवढ्यात ‘सॉरी, आत आहे’ म्हणता आलं असतं. मुली म्हणतात तसं, हात वर करून, मॅच देऊन टाकून, घरी जाता आलं असतं. तिला त्या पावलांचा आवाज आठवत होता. त्या पावलांतच तिला ती दुसरी खूण दिसली. त्याच गेममध्ये तीन पॉइंटांपूर्वी डावरीचा एक बॉल त्याच कोपऱ्यात दोन बोटं बाहेर गेला होता. तिनं एक पाऊल पुढे टाकलं, डावा पाय खऱ्या खुणेवर ठेवला आणि रॅकेटच्या टोकानं त्या दुसऱ्या खुणेभोवती गोल काढला. मातीचा नियम असा की ज्यानं खूण पुसली त्यानं पॉइंट सोडला. म्हणून तिनं पुसलं काही नाही. फक्त पाय ठेवला. या ‘फक्त’वर तिनं पुढे कित्येक आठवडे काढले. डावरी वाकली, तिनं गोलात बघितलं, मग मान वर करून मातीवालीच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिथे तिला काय दिसलं कोण जाणे, पण ती म्हणाली, ‘अच्छा. मला आत वाटला होता.’ आणि परत गेली. त्यानंतर डावरीनं दोन सोपे बॉल जाळीत मारले, तो गेम गेला आणि पुढचे दोनही मातीवालीनं घेतले. सात-पाच.

बाबा एखादी सोपी व्हॉली चुकली की हसून म्हणायचे, ‘खाल्लीस का माती?’ त्या दिवशी तिनं खरोखरच खाल्ली होती आणि बाबा हसत नव्हते, कारण बाबांना माहीत नव्हतं. संध्याकाळी फोनवर त्यांनी नेहमीचाच पहिला प्रश्न विचारला. कधी ते ‘जिंकलीस का’ विचारत नसत. ‘खुणा कशा उठतात गं तिथं?’ माती नीट दाबली असेल तर खूण नीट उठते, आणि खूण नीट उठली की भांडण होत नाही, असं त्यांचं सगळ्या जगाविषयीचं मत होतं. ‘छान उठतात,’ ती म्हणाली. दोन दिवसांनी मुख्य स्पर्धेतली पहिली फेरी तिनं जिंकली आणि तिला आयुष्यातला पहिला रँकिंग पॉइंट मिळाला. पुढच्या सोमवारी यादीत तिचं नाव आलं, नऊशे एकतीस. बाबांनी ते पान छापून घेतलं आणि अवजारांच्या खोलीत, ब्रश अडकवायच्या खिळ्यांच्या वर चिकटवलं. रोज सकाळी पहिला ब्रश काढताना ते नाव डोळ्यांसमोर येतं, असं ते म्हणाले होते. यापुढचं तर कुणाला सांगितलं तर हसतील. त्या मॅचनंतर ती इतकी नेकीनं लाइनी बघायला लागली की लोकांच्या डोळ्यांत यायला लागलं. बोटभर बाहेरचा बॉलही प्रतिस्पर्ध्याला बोलावून दाखवायची. संशय आला की स्वतःच्या विरुद्ध द्यायची. तिसऱ्या महिन्यात एका स्पर्धेत पहिल्या फेरीत हरूनसुद्धा तिला खिलाडूवृत्तीचा कप मिळाला. कप हातात देताना आयोजक म्हणाले, ‘अशा मुली आता राहिल्या नाहीत.’ टाळ्या वाजल्या. तिला वाटलं, आत्ता, इथेच, या माइकवर सांगून टाकावं. आणि मग तिला दिसलं की आपण हसतोय, फोटोसाठी कप जरा उंच धरतोय. तो फोटो अजून तिच्या फोनमध्ये होता. ज्याला लाज वाटते त्यानं एवढं छान हसू नये. खाई त्याला खवखवे हे खरं, पण खवखवणारा घसा घेऊनही माणूस चांगलं गाऊ शकतो, आणि हेच सगळ्यांत वाईट.

पावणेपाचला तिनं मोजे तसेच बेसिनमध्ये टाकले आणि निघाली. नाही म्हणून कळवता आलं असतं. पोटरी दुखतेय, सिंगल्ससाठी जपायचंय, हजार कारणं होती आणि खेळाडूच्या अंगावर ती सगळी शोभतात. पण नाही म्हटलं तर डावरी ‘बरं गं, काळजी घे’ असं लिहील, हे तिला आधीच ऐकू येत होतं. बसमध्ये खिडकीजवळ बसून तिनं ठरवलं की टेबलापाशी पोचल्यावर, नाव द्यायच्या आधी सांगायचं. स्टेडियमच्या थांब्याला उतरल्यावर ठरवलं की नाव दिल्यावर, जरा बाजूला घेऊन सांगायचं. तिचं ठरवणं असं प्रत्येक थांब्याला थोडं थोडं पुढे सरकत होतं, बससारखंच.

डावरी टेबलापाशी खरंच उभी होती. केस बारीक कापलेले, खांद्यावर दोनच रॅकेटींची पिशवी. ‘आलीस!’ ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो बघून मातीवालीनं टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. ‘मला वाटलं, तू आता मोठी झालीस, आमच्यासारख्यांना कुठे विचारतेस.’

‘काहीतरीच काय. नऊशेवरून आठशेवर आलं म्हणून कुणी मोठं होतं का?’

‘माझं नाव तर यादीतच नाही. तुला माहितीय का, खाली मोजत गेलं की शेवटी मी लागते.’ डावरी मोठ्यानं हसली. टेबलामागच्या बाईंनी कागद पुढे सरकवला. डावरीनं डाव्या हाताचा मनगटातून वाकडा आकडा करून दोघींची नावं लिहिली आणि पेन तिच्याकडे दिलं. तिनं सही केली. मग दोघी चहाचे कागदी कप घेऊन कँटीनच्या मागच्या पायरीवर बसल्या. समोर दोन नंबरच्या कोर्टवर एक जोडी सराव करत होती आणि बॉलचे आवाज एकसारखे येत होते.

‘तुला मुद्दाम विचारलं,’ डावरी म्हणाली. ‘एक सांगू? हसणार नसशील तर.’

‘नाही हसणार.’

‘मला बॉल दिसत नाही गं.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे दिसतो. पण आत की बाहेर, त्यावर विश्वासच बसत नाही. तुझ्याशी मॅच झाली होती ना माझी? तुला कशाला आठवेल, तुझ्या नंतर किती झाल्या. मॅच पॉइंटला एक बॉल होता. तो मी लाइनीवर पडताना बघितला. अगदी स्वच्छ. शपथेवर सांगितलं असतं. आणि येऊन बघते तर दोन बोटं बाहेर!’ डावरीनं कपातल्या चहाकडे बघत मान हलवली. ‘तेव्हा काही नाही वाटलं. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. म्हटलं, जे इतकं स्वच्छ दिसलं तेच खोटं, तर बाकीच्याचं काय? आजवर मी किती जणींना चुकीचं आउट दिलं असेल? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दोनदा. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, माझ्यापेक्षा चांगले आहेत. मग तर मी जास्तच घाबरले. डोळ्यांत नाही म्हणजे डोक्यात.’

‘डोक्यात काय असणार तुझ्या,’ ती म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला, जरा गोड, जरा मोठ्या बहिणीसारखा.

‘आई पण हेच म्हणते. पण आता जवळचा बॉल असला की मी आतच धरते. उगाच कुणाचं हक्काचं आपण कशाला घ्या? सहा महिन्यांत सहा पहिल्या फेऱ्या हरले त्यात. म्हटलं, एकदा डबल्स खेळून बघावं, अशा कुणाबरोबर तरी जिचं लाइनींना चुकतच नाही. मग दुसरं नाव डोक्यात येतंय का?’ डावरीनं तिच्या गुडघ्यावर थाप मारली. ‘तू असलीस की मी डोळे मिटून खेळेन. लाइनी तुझ्याकडे.’

शब्द तोंडापर्यंत आले होते. जिभेवर त्यांचं वजनसुद्धा कळत होतं. आतापर्यंत आठ महिने तिच्या हिशेबी तिनं एक पॉइंट चोरला होता; त्याचं पाप तिनं मापून, जोखून, स्वतःच्या अंगाला बसेल असं शिवून घेतलं होतं आणि त्यात ती वावरायलाही शिकली होती. आता या पायरीवर कळत होतं की चोरलं ते भलतंच. एका मुलीचे डोळे काढून घेतले आणि तिलाच दोन वेळा डॉक्टरकडे धाडलं. आणि ती मुलगी, ज्यानं डोळे नेले त्याच्याकडेच काठी मागायला आलीय. तिनं चहाचा घोट घेतला. तो थंड झाला होता. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘लाइनी मी बघते.’

बसथांब्यावर तिनं बाबांना फोन लावला. पलीकडे पाणी मारायच्या नळीचा आवाज येत होता, आणि मग तो बंद झाला. ‘खुणा कशा उठतात तिथं?’ बाबांनी विचारलं.

‘बऱ्या उठतात. बाबा, एक विचारू? कुणी चुकीची खूण दाखवली तर?’

‘तर काय? ज्याला खूण वाचता येत नाही त्याची ती चूक. समजावून सांगायचं.’

‘आणि ज्याला वाचता येते?’

 बाबांना शब्द शोधावे लागत. ते माणसांशी कमी आणि मातीशी जास्त बोललेले. ‘मग ती चूक नव्हे,’ ते म्हणाले. ‘का गं? फसवलं का तुला कुणी?’

तिनं फोन कानाला लावूनच डोळे मिटले. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. या प्रश्नात आपली मुलगी कुठल्या बाजूला उभी असेल, याचा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘नाही हो,’ ती म्हणाली, ‘असंच विचारलं.’

‘फसवलं असेल तर जाऊ दे. त्याचं त्याच्यापाशी. तू नीट जेव आणि वेळेवर झोप.’ नळी पुन्हा सुरू झाली. तिची बस आली आणि निघून गेली, आणि ती त्याच खांबाला टेकून उभी राहिली.

सकाळी नऊला चार नंबरच्या कोर्टवर, रस्त्याकडच्या कुंपणालगत, मॅच सुरू झाली. समोरच्या दोघी एकमेकींच्या बहिणी शोभतील इतक्या सारख्या होत्या, चटपटीत, फार बोलणाऱ्या, आणि खेळात तशा बेताच्याच. त्यांच्याकडून हरावं असं त्यांच्यात काही नव्हतं. पण डबल्समध्ये एक मेख असते: जी नेटवर उभी असते तिची पाठ आपल्याच मागच्या लाइनीकडे असते. डावरी मागे असली की लाइन डावरीचीच. आणि डावरी काही म्हणतच नव्हती. पहिल्याच गेममध्ये एक बॉल चार बोटं बाहेर पडला. नेटवरून मान वळवून मातीवालीनं वाट बघितली. डावरी धावत होती, तो बॉल खेळायला बघत होती, आणि तो तिच्या रॅकेटला लागून कुंपणावर गेला. ‘बाहेर होता गं!’ ‘होता का? मला वाटलं आत असेल.’ तिसऱ्या गेममध्ये तर तळहातभर बाहेर. समोरची मुलगी स्वतःच तोंडावर हात घेऊन ‘गेला’ असं पुटपुटली होती, आणि डावरी मात्र पुढच्या सर्व्हिससाठी जागा घेत होती, गप्प, खांदे पाडून, उसनं अंग घेऊन आलेल्या माणसासारखी. मातीवाली ते खांदे बघत राहिली. हे तिनं केलं होतं. एखाद्या मोठ्या दुष्टपणानं नाही, एका बुटानं. लाज तिला आजवर रात्रंदिवस वाटली होती, पण ती स्वतःच्याच आरशात बघून वाटलेली होती; समोर माणूस उभं करून ती तिनं पहिल्यांदाच बघितली, आणि ती किती वेगळी असते ते तिला कळलं.

तीन-शून्य, समोरच्या पुढे. बाजू बदलायच्या आधी बाकावर बसायला दीड मिनिट मिळतं. डावरीनं टॉवेल तोंडावर दाबून धरला होता.

‘डावरे.’

‘हं.’

‘तो बॉल आत होता.’

‘आत्ताचा? मी म्हटलं ना तुला, मला नाही—’

‘आत्ताचा नाही. तेव्हाचा. मॅच पॉइंटचा.’ तिनं बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं. ‘आत होता. मी तुला दुसरी खूण दाखवली. तुझाच आधीचा बॉल होता, बाहेर गेलेला. खऱ्या खुणेवर माझा पाय होता. मला माहीत होतं. चुकून नाही झालं.’

टॉवेल खाली आला. डावरी तिच्याकडे बघत नव्हती, समोर रिकाम्या कोर्टकडे बघत होती. पलीकडच्या बाकावर त्या दोघी कशावरून तरी हसत होत्या. रस्त्यावरून एक जड गाडी गेली आणि कुंपणाची जाळी थरथरली. आता ही ओरडेल, मातीवालीला वाटलं. आता ही उठून पंचाकडे जाईल. आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, ही सगळ्यांना सांगेल का? क्लबमध्ये कळेल का? बाबांना कळेल का? सांगून मोकळं व्हायला बसलेल्या माणसाच्या मनात पहिलं आलं ते स्वतःचंच. त्याची तिला इतकी शरम वाटली की ती बाकावर जरा दूर सरकली.

‘लाइनीला चिकटलेली होती?’ डावरीनं विचारलं.

‘हो. अर्धी.’

‘कोपऱ्यापासून किती?’

‘वीतभर.’

‘वीतभर,’ डावरी म्हणाली. ‘मला वीतभरच दिसली होती.’ तिनं टॉवेलाची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. मग अगदी हळू, कुणाला तरी हिशेब नव्हे, नुसती बातमी सांगावी तसं म्हणाली, ‘दोनदा गेले गं मी डॉक्टरकडे.’

‘मला माफ—’

‘नको. आत्ता नको बोलूस.’ समोरच्या दोघी उठून आपल्या जागेकडे निघाल्या होत्या. डावरीनं रॅकेट उचलली, तारा बोटांनी सरळ केल्या. ‘ऊठ,’ ती म्हणाली. ‘मॅच आहे.’

पहिला पॉइंट गेला. दुसऱ्याला बॉल डावरीच्या कोपऱ्यात खोल पडला आणि तो पडता पडताच तिचं बोट वर होतं. ‘आउट!’ आवाज एवढा कडक निघाला की शेजारच्या कोर्टवरची एकजण वळून बघायला लागली. डावरी खूण बघायला गेली नाही. समोरच्यांनीही विचारलं नाही. तिच्या पाठीचा कणा ताठ झाला होता, ते नेटवरून मातीवालीला दिसलं, आणि तिला रडू येण्यासारखं झालं, पण त्यात आनंद मानायचा तिला काही हक्क नव्हता म्हणून तिनं ते गिळलं. तिसऱ्या पॉइंटला डावरी नेटवर होती आणि ती मागे. बॉल उंच आला, तिच्या डोक्यावरून गेला, मागच्या लाइनीपलीकडे बोटभर पडला. तिनं वळून बघितलं. पूर्ण खूण, लांबट, धारदार. मध्ये मातीची बारीक वाट. ‘आउट,’ ती म्हणाली.

समोरच्या दोघींनी मान्य केलं होतं. त्या आपापल्या जागी वळत होत्या. मातीवालीनं सांगितल्यावर आजवर कुणी कधी विचारलं नव्हतं. पण डावरी नेट सोडून चालत येत होती. घाई नव्हती. समोरच्या दोघी थांबल्या. शेजारच्या कोर्टवर सर्व्हिस करणारी मुलगी बॉल हातात धरून उभी राहिली. दूर फिरणाऱ्या पंचानंही इकडे बघितलं. एक जोडीदार आपल्याच जोडीदाराची खूण तपासायला येते, हे असं कोर्टवर कुणी बघितलेलं नसतं, आणि सगळे बघत होते. मातीवाली बाजूला झाली. तिचं तोंड, मान, कान, सगळं तापलं होतं आणि ते कुठे ठेवावं ते तिला कळेना. डावरी खुणेपाशी आली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली, एका बाजूनं बघितलं, मग पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूनं बघितलं. आजूबाजूला दुसरी खूण आहे का तेही बघितलं. तिनं सावकाश वेळ घेतला. मग ती सरळ उभी राहिली.

‘बरोबर आहे,’ ती समोरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. ‘आउटच आहे.’

परत जाताना ती मातीवालीपाशी थांबली. तिनं तिच्याकडे बघितलं, पूर्ण, डोळे भरून, इतकं सरळ की मातीवालीला नजर काढता आली नाही.

‘पुढचाही मी बघणार आहे,’ डावरी म्हणाली. ‘प्रत्येक.’

‘बघ,’ ती म्हणाली, आणि पुढच्या सर्व्हिससाठी जागेवर जाऊन उभी राहिली.